रेंज गेली तरी चालणारा टॅब: वर्षानुवर्षं टिकणारी कामाची ॲप्स कशी निवडायची, कशी लावायची

आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, घरगुती निवासाची बुकिंगं, पतसंस्थेची कागदपत्रं, काजू कारखान्यातली हजेरी ही कामं आता कोकणात सर्रास टॅबवर होतात. कोणतं ॲप घ्यावं याच्या याद्या भरपूर मिळतात, पण त्यातली बहुतेक ॲप्स घरात चोवीस तास इंटरनेट आहे असं धरून बनवलेली असतात. किनारपट्टीवर तसं नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि टॉवर बंद पडले होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं, तेव्हा दुकानांतल्या वह्या, कपाटं, संगणक सगळं बुडालं. पहिल्या वेळी माहिती टॅबमध्येच हवी होती, दुसऱ्या वेळी ती घराबाहेर कुठेतरी हवी होती. ॲप निवडताना हेच बघायचं: ते माहिती दोन्हीकडे ठेवू देतं का, आणि उद्या ॲप बंद पडलं तर ती आपल्या हातात येते का.

निवडण्याआधीच्या दोन परीक्षा

पहिली परीक्षा एअरप्लेन मोडची. ॲप उघडा, चार ओळी लिहा, एक फोटो जोडा. मग एअरप्लेन मोड लावा आणि टॅब पूर्ण बंद करून परत चालू करा. पुन्हा चालू करणं महत्त्वाचं, कारण नुसतं इंटरनेट बंद केलं तर आधी उघडलेलं पान टॅबच्या तात्पुरत्या आठवणीतून दिसत राहतं आणि ॲप ऑफलाइन चालतं असा समज होतो. चालू केल्यावर जुनी नोंद उघडते का, तिच्यात बदल करता येतो का, फोटो दिसतो का, नवी नोंद घालता येते का, हे चारही बघा. दोनच जमली तर ते ॲप पावसाळ्यात दगा देणार.

दुसरी परीक्षा माहिती बाहेर काढण्याची. ॲपमधलं सगळं पीडीएफ, एक्सेल किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून बघा. एकेक पान काढावं लागत असेल तर तीनशे पानं झाल्यावर ते कोणी काढत नाही. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं लोकप्रिय ॲप मे २०२० मध्ये बंद झालं. कागद स्कॅन करायच्या कॅमस्कॅनर या ॲपवर २९ जून २०२० ला भारत सरकारने बंदी घातली, आणि सातबारापासून मार्कशीटपर्यंत सगळं त्यातच ठेवणाऱ्यांची धावपळ झाली. ॲप किती चांगलं आहे याचा आणि ते किती वर्षं राहील याचा संबंध नसतो, म्हणून ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यायची.

टॅब अजून घ्यायचा असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलचा नियम असा, की पडदा १०.१ इंच किंवा त्याहून लहान असेल तर साधं संपादन फुकट, मोठा असेल तर बदल करायला वर्गणी. अकरा इंची टॅब घेऊन आल्यावर एक्सेल फाइल फक्त वाचता येते, ती यामुळे. दुसरं, सिमशिवायच्या, फक्त वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. बागेचे कोपरे किंवा कलमांच्या जागा नकाशावर टिपायच्या असतील तर सिमवालाच लागेल. तिसरं, गावात ज्या कंपनीची रेंज खरंच मिळते तिचं सिम टॅबमध्ये चालतं ना, हे दुकानात सिम घालूनच बघा.

मराठी कळफलक आधी नीट लावा

अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये 'लँग्वेजेस'मधून मराठी जोडा. तिथे तीन प्रकार मिळतात: थेट देवनागरी, इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि हस्तलेखन. तिन्ही निवडून ठेवा. पडद्यावर बोटाने किंवा पेनने मराठी लिहिलं की छापील अक्षरं उमटतात. ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे अशा घरातल्या मोठ्या माणसांना हे पटकन जमतं. आयपॅडवर मराठी कळफलक सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'कीबोर्ड' इथून जोडता येतो.

ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था इथून येणाऱ्या जुन्या वर्ड फाइल टॅबवर उघडल्या की विचित्र इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते आणि तो फाँट टॅबमध्ये नसतो. फक्त वाचायची असेल तर ज्या संगणकावर ती बनली तिथूनच पीडीएफ करून मागवा. बदल करायचे असतील तर तिथेच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही टॅबवर दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करून घ्या. टॅबवर फाँट घालायच्या खटपटीत वेळ घालवू नका.

हिशोब: गूगल शीट्स

टॅबवर सगळ्यात जास्त वर्षं टिकलेलं आणि सगळ्यात कमी त्रास देणारं ॲप निवडायचं तर आमचं मत गूगल शीट्सला. फुकट आहे, एक्सेल फाइल उघडतं, आणि नीट लावलं तर रेंज नसताना चालतं. 'नीट लावलं तर' हेच इथे सांगायचं आहे.

फाइलच्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबून 'मेक अव्हेलेबल ऑफलाइन' चालू करा. हे रेंज असतानाच करायचं, आणि प्रत्येक महत्त्वाच्या फाइलला वेगळं करायचं. ॲपच्या सेटिंगमध्ये अलीकडच्या फाइल आपोआप ऑफलाइन ठेवण्याचा पर्याय आहे, पण तो अलीकडच्याच ठेवतो. गेल्या हंगामाची फाइल त्यात असेलच असं नाही, आणि दलालाशी बोलताना नेमकी तीच लागते.

त्यानंतर फाइलच्या सेटिंगमध्ये 'लोकेल', म्हणजे कोणत्या देशाची पद्धत, ते बघा आणि 'इंडिया' करा. ते 'युनायटेड स्टेट्स' असेल तर तारखा गुपचूप उलटतात. ०३/०४ लिहिलं की तुमचा ३ एप्रिल त्याच्या लेखी ४ मार्च होतो. १५/०४ ही तर त्याला तारीखच वाटत नाही, कारण पंधरावा महिना नसतो, म्हणून तो तिला नुसता मजकूर समजतो. मग तारखेप्रमाणे क्रम लावला की अर्धा एप्रिल वर आणि अर्धा खाली जातो. हंगाम संपल्यावर हे दुरुस्त करणं फार कटकटीचं, सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचं काम.

आता आकडे. मराठी कळफलकावरून देवनागरी आकडे घातले की शीट त्यांना संख्या न मानता अक्षरं मानतं आणि बेरीज शून्य येते. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या चौकटीच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. रकान्यातला एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला की तो बेरजेत धरलेला नाही. कळफलकावरचं पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह दाबून इंग्रजीवर या आणि आकडे इंग्रजीतच भरा. आधीच शेकडो नोंदी देवनागरीत झाल्या असतील तर 'फाइंड अँड रिप्लेस'ने एकेक आकडा बदला. दहा आकड्यांचं हे काम दहा मिनिटांत होतं.

आंबा बागायतदारासाठी रकाने असे ठेवा: तारीख, बाग, पेट्या, एका पेटीत किती डझन, कोणाकडे पाठवल्या, पट्टीची रक्कम, अडत, हमाली, भाडं, हाती आले. शेवटच्या रकान्यात सूत्र: पट्टीच्या रकमेतून पुढचे तीन रकाने वजा. पट्टी म्हणजे दलाल पाठवतो तो विक्रीचा हिशोब. काही दलालांच्या पट्टीत खर्च आधीच कापलेला असतो, काहींच्या नसतो. पट्टीवरची एकूण विक्रीची रक्कम शोधून तीच 'पट्टीची रक्कम' म्हणून भरा, नाहीतर खर्च दोनदा वजा होईल. माल गेला त्या दिवशी पहिले पाच रकाने भरायचे, पट्टी आली की उरलेले. पट्टीचा रकाना रिकामा दिसला म्हणजे पैसे यायचेत. त्याला वेगळी खूण करायची गरज नाही.

कोणाकडे किती माल गेला याची बेरीज 'समइफ' या सूत्राने येते, पण ते नाव अक्षरन् अक्षर जुळलं तरच. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली की ती ओळ बेरजेतून गळते. मराठीत आणखी एक अडचण आहे. 'किनाऱ्याची बाग' यातला 'ऱ्य' दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, शीटला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. वडील एका कळफलकावर आणि मुलगी दुसऱ्यावर टाइप करत असेल तर एकाच बागेच्या दोन बेरजा येतात आणि चूक डोळ्यांनी शोधून सापडत नाही. उपाय एकच: बाग आणि दलाल या रकान्यांना 'ड्रॉपडाउन' लावा. नावं एकदाच टाइप करायची, नंतर फक्त निवडायची. टॅबवर बोटाने निवडणं टाइप करण्यापेक्षा लवकरही होतं.

दोघंजण ऑफलाइन असताना एकाच चौकटीत लिहीत असतील तर रेंज आल्यावर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याखाली जातं. म्हणून ओळी वाटून घ्या. वखारीतल्या माणसाने त्याच्या पानावर लिहायचं, घरच्याने त्याच्या पानावर, आणि बेरीज तिसऱ्या पानावर.

रेंज आली तरी बदल वर चढत नसतील तर दोन जागा तपासा. गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवरून पाठवा' चालू असेल तर सिमच्या इंटरनेटवरून काही जात नाही. आणि बॅटरी वाचवण्यासाठी बरेच टॅब न वापरलेली ॲप्स झोपवून ठेवतात. शीट्स आणि ड्राइव्ह या दोघांना त्या झोपणाऱ्यांच्या यादीतून काढा. घाटमाथ्यावर किंवा स्टँडवर रेंज मिळाली की ॲप उघडून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवलं तरी काम होतं.

टिपणं: छोटी एकीकडे, मोठी दुसरीकडे

बाजारहाटाची यादी, गाडीचा नंबर, उद्याची फवारणी अशा चार ओळींच्या गोष्टींना गूगल कीप पुरतं. ते २०१३ पासून आहे, ऑफलाइन लिहिता येतं आणि घरच्यांबरोबर यादी वाटून घेता येते. त्यात फोल्डर नाहीत, म्हणून 'बाग', 'पाहुणे', 'घर' असली लेबलं पहिल्या दिवसापासून लावा. पुसलेली टिपणं कचऱ्यात सातच दिवस राहतात, हे लक्षात असू द्या. जपायची गोष्ट पुसण्याऐवजी 'आर्काइव्ह' करा.

हाताने लिहिणाऱ्यांसाठी वननोट, सॅमसंग टॅबवर सॅमसंग नोट्स, आयपॅडवर गुडनोट्स किंवा नोटॅबिलिटी. सगळी चांगली आणि जुनी आहेत. वननोटमध्ये एक मेख आहे: वहीचा जो विभाग टॅबवर एकदाही उघडलेला नाही, तो ऑफलाइन मिळत नाही. नवा टॅब घेतला की रेंजमध्ये बसून प्रत्येक विभाग एकदा उघडा. सॅमसंग नोट्स आणि गुडनोट्समधलं लिखाण दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर तसंच्या तसं उघडेलच असं नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा वही पीडीएफ करून ठेवावी लागते. एव्हरनोट एकेकाळी पहिलं नाव होतं. त्याची फुकट आवृत्ती आता पन्नास टिपणांवर थांबते, तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

बागेच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींसाठी, म्हणजे मोहोर कधी आला, तुडतुडे कधी दिसले, कोणती फवारणी किती लिटर पाण्यात केली, यासाठी ऑब्सिडियन या ॲपची शिफारस आहे. त्यात प्रत्येक टिपण ही टॅबमधल्या फोल्डरातली साधी मजकुराची फाइल असते. ॲप उद्या बंद पडलं तरी फाइल कुठल्याही संगणकावर उघडते. शिकायला दोन संध्याकाळी जातात. एका वर्षासाठी एक फोल्डर आणि एका दिवसाला एक टिपण एवढीच शिस्त ठेवा, त्याच्या हजार जोडण्यांच्या (प्लगइनच्या) नादी लागू नका. 'भुरी' (मोहोरावरचा बुरशीचा रोग) असा शब्द शोधला की गेल्या पाच वर्षांत ती कोणत्या आठवड्यात आली होती ते समोर येतं. याच एका गोष्टीसाठी तो खटाटोप करण्यासारखा आहे.

कागद स्कॅन करणं

अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमधलं अधिकचं चिन्ह दाबून 'स्कॅन', आयपॅडवर 'फाइल्स' ॲपमधलं 'स्कॅन डॉक्युमेंट्स'. दोन्ही थेट पीडीएफ करतात. आणखी एखादं स्कॅनर ॲप घेण्याची गरज नाही.

पावसाळ्यात कागद दमट होऊन वळतो आणि वळलेल्या कडेची सावली अक्षरांवर पडते. कागद दोन जाड पुस्तकांत तासभर दाबून ठेवा, मग दिवसा ओटीवर, उजेड बाजूने नव्हे तर समोरून येईल असा धरून स्कॅन करा. शिक्का असलेल्या कागदाला काळा-पांढरा फिल्टर लावू नका. फिका निळा-जांभळा शिक्का त्यात नाहीसा होतो आणि मग तो कागद कोणी मानत नाही. पेट्रोल पंपाच्या आणि कार्ड मशीनच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. काही महिन्यांत त्या कोऱ्या होतात, म्हणून त्याच दिवशी स्कॅन करा.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. असं दिलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. सातबारा स्कॅन करण्यापेक्षा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा पीडीएफमध्ये घ्या. त्याचं शुल्क १५ रुपये आहे आणि अक्षरं स्वच्छ येतात. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो टॅबच्या गॅलरीत पडू देऊ नयेत. तो टॅब घरातली मुलंही वापरतात. कुलूप असलेल्या फोल्डरात ठेवा आणि गरज संपली की काढून टाका.

घराबाहेरची प्रत

आठवड्यातून एकदा शीट्समध्ये 'शेअर अँड एक्स्पोर्ट', मग 'सेव्ह ॲज', मग एक्सेल असं करून फाइल पेनड्राइव्हवर घ्या. टॅबला सी प्रकारचं तोंड असेल तर दोन तोंडांचा पेनड्राइव्ह थेट लागतो. तो पेनड्राइव्ह त्याच घरात ठेवला तर पुरात दोन्ही जातील. उंचावरच्या नातेवाइकाकडे किंवा मुंबईच्या चाकरमान्याकडे एक प्रत असावी.

गूगल खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते पुसू शकतं. आजोबांच्या नावाने काढलेल्या आणि फक्त फोटो ठेवायला वापरलेल्या खात्याचं असं होतं, म्हणून तेही अधूनमधून उघडा. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावली असेल तर 'बॅकअप कोड' नक्की काढून ठेवा. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. फोन वाहून गेला किंवा टॉवर बंद असला तर ओटीपी येत नाही, आणि पासवर्ड माहीत असूनही खातं उघडत नाही. कोड कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

वीज, ओल आणि खारा वारा

पॉवर बँकेवरचा १०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. त्यातून जवळजवळ ३७ वॉट-तास ऊर्जा मिळते, आणि व्होल्टेज वाढवताना व चार्ज होताना त्यातली थोडी वाया जाते. ७,०४० एमएएचच्या टॅबची बॅटरी सुमारे २७ वॉट-तासांची, म्हणजे अशी पॉवर बँक टॅबला एकदा पूर्ण चार्ज करते, दीड वेळा नव्हे. लाइट दोन दिवस जात असेल तर २०,००० ची घ्या. वीज कडाडत असताना चार्जर भिंतीतून काढा.

चार्जिंगच्या तोंडात ओल गेल्याची सूचना आली तर चार्जर लावू नका. ओलसर टोकांतून वीज गेली की धातू गंजतो, खाऱ्या हवेत फारच लवकर. तोंड खाली करून हलकेच झटका आणि पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुसा आणि कण आत जातात. रात्री टॅब झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांबरोबर ठेवला तर आर्द्रतेचा त्रास कमी होतो. पुडीतले दाणे निळ्याचे गुलाबी झाले की त्या वाळवायच्या. टॅबवर आयपी६८ (पाणी-धुळीपासून बचावाची खूण) लिहिलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. होडीत किंवा रापणीवर नेताना पिशवीतच न्या. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, तिथे सॅमसंगच्या एस पेनसारखं पेन बरं. त्याच्या लिहिण्याला चार्जिंगही लागत नाही.

मे महिन्यात पिकअपच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवू नका. ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी ३५ अंशांची मर्यादा दिली आहे आणि काचेमागे ती सकाळी दहालाच ओलांडली जाते. बॅटरी फुगायला उष्णता पुरते. मागचं झाकण किंचित वर आलेलं दिसलं तर चार्जिंग थांबवून दुकानात न्या, दाबून बसवू नका.

ॲप बदलायचंच झालं तर

आंब्याच्या हंगामात मार्च ते मे आणि पर्यटनाच्या गर्दीत दिवाळी ते नाताळ काही बदलू नका, मोठे अपडेटही पुढे ढकला. जुलै-ऑगस्ट बरा. जुन्या ॲपमधून सगळं बाहेर काढा, नव्यात घाला, आणि महिनाभर दोन्हीकडे नोंदी करा. बेरजा जुळल्या की मग जुनं काढा. वर्गणी असलेलं ॲप टॅबवरून पुसलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, आयपॅडवर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली. नूतनीकरणाच्या तारखेआधी दोन-तीन दिवस हे करा. भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप सहसा चालू राहतं, आणि राहिलेली एखादी वही काढून घ्यायला तेवढे दिवस मिळतात.